जुन्या लॅपटॉपसाठी प्रोसेसर निवडताना: सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असं नाही

जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येईल का, हे आधी त्याच्या वयावर ठरतं. इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे हॅसवेलपर्यंत, सॉकेटमध्ये, म्हणजे चिप काढता-घालता येणाऱ्या मदरबोर्डवरच्या बैठकीत, बसणाऱ्या रूपात मिळत होते. पाचव्या पिढीपासून ते थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेले असतात. एएमडीच्या बाबतीत ही सीमा साधारण त्याच काळात, रिचलंड मालिकेपाशी येते. तुमचा लॅपटॉप याहून नवा असेल तर प्रोसेसरचा विचार सोडा आणि रॅम, एसएसडी यांकडे वळा. सोल्डर केलेली चिप उतरवून दुसरी बसवणारी यंत्रं असतात, पण ते घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसण्याचं काम नव्हे.

अडतंय ते प्रोसेसरपाशीच का?

चिप शोधायला लागण्याआधी अर्धा तास यावर घालवा. लॅपटॉप जेव्हा रखडतो, नेमक्या तेव्हा टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना टेकलेला आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर निवांत, असं दिसलं तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी बसवल्यावर जो फरक पडतो, तो कुठल्याही प्रोसेसरने पडणार नाही. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर आधी ती वाढवा. प्रोसेसर मिनिटभर सलग ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

तेव्हाही एक शंका उरते. जुन्या लॅपटॉपच्या पंख्यामागच्या जाळीत धूळ साचून तिचा गालिचा झालेला असतो आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंक या धातूच्या भागाकडे पोचवणारा लेप) वाळून खडू झालेली असते. प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपल्याला वाटतं तो म्हातारा झाला. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन चालू ठेवून जड काम लावा आणि तापमान व वेग एकत्र बघा. तापमान ९५ अंशांपुढे आणि वेग चिपच्या मूळ वेगाच्याही खाली, असं दिसलं तर सफाई करून नवी पेस्ट लावा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

चार गोष्टी कागदावर लिहा

सीपीयू-झेड हे मोफत साधन चालवा. पहिल्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, पॅकेज (चिपचं बाह्य रूप) आणि टीडीपी (उष्णतेचा वॅटमधला आकडा) दिसेल. मेनबोर्डच्या पानावर चिपसेटचं, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपचं, नाव (साउथब्रिजसमोर एचएम७६ असं काहीतरी) आणि बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती व तारीख मिळेल. नाव, पॅकेज, चिपसेट, बायोस: या चार नोंदींवर पुढचं सगळं उभं आहे. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये डीएमआयडीकोड या आदेशाकडून प्रोसेसरची माहिती मागवा. त्यातल्या ‘अपग्रेड’ या ओळीत सॉकेटचं नाव येतं.

पॅकेजच्या नावात पीजीए असेल तर चिपला पिना आहेत आणि ती सॉकेटमध्ये बसते. बीजीए असेल तर ती सोल्डर केलेली आहे. पण इथे ठेच लागते. कोअर आय५-३२१०एमसारख्या चिपा दोन्ही रूपांत निघाल्या होत्या, आणि साधनं कधीकधी चुकीचं रूप दाखवतात. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून खात्री करा. त्यात प्रोसेसर काढायची स्वतंत्र पायरी चित्रासह दिलेली असेल तर सॉकेट आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकाच भाग-क्रमांकाखाली दिलेले असतील तर तो सोल्डर केलेला आहे. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दोन मॉडेलांतही हे बदलतं: थिंकपॅड टी४४०पीमध्ये सॉकेट आहे, टी४४०एसमध्ये नाही.

प्रोसेसरच्या नावाच्या शेपटीवरूनही बराच अंदाज येतो. यू, वाय आणि एचक्यू ही अक्षरं असली तर सोल्डर केलेला. चौथ्या पिढीतला एमक्यू म्हणजे सॉकेटचा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतले एम आणि क्यूएम दोन्ही प्रकारचे असू शकतात. कोअर २ ड्युओच्या काळात एसएल, एसपी, एसयू अशी सुरुवात असलेल्या चिपा सोल्डर केलेल्या असत.

कोणतं सॉकेट कोणाचं

इंटेलच्या बाजूने कालक्रम असा आहे. २००६ चं सॉकेट एम आणि २००७ चं सॉकेट पी या दोघांनाही ४७८ पिना, पण पिनांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची चिप दुसऱ्यात चालत नाही. सॉकेट पीमध्येही दोन घरं आहेत. ९६५ चिपसेट ८०० मेगाहर्ट्झच्या बसपर्यंतच (प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातली वाट) जातो, ४५ मालिकेचा (जीएम४५, पीएम४५) १०६६ पर्यंत. टी९३०० हा ८०० चा आहे, टी९६०० हा १०६६ चा. दोन्ही चिपा त्याच सॉकेटात मुकाट बसतात, पण ९६५ च्या बोर्डावर दुसरी घेतली तर ती उपयोगाची नाही.

२००९ मध्ये सॉकेट जी१ आलं. ते कोअर आय मालिकेच्या पहिल्या पिढीचं. २०११ चं जी२ दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीसाठी, म्हणजे सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज. दोन्हींना ९८८ पिना, तरी जी१ आणि जी२ची अदलाबदल होत नाही. चिपांच्या यादीत आरपीजीए९८८ए म्हणजे जी१ आणि आरपीजीए९८८बी म्हणजे जी२. शेवटच्या एका अक्षरासाठी चुकीची चिप घरी येते. २०१३ चं जी३ फक्त चौथ्या पिढीसाठी आहे, आणि इंटेलच्या लॅपटॉपांतलं हे शेवटचं सॉकेट.

एएमडीचं सॉकेट एस१ हे ६३८ पिनांचं, पण त्याच्या जी१ ते जी४ अशा चार पिढ्या आहेत आणि एकीतली चिप दुसरीत चालेल हे गृहीत धरू नका. त्यानंतर २०११ चं एफएस१ (ए८-३५००एम वगैरे) आणि २०१२ चं एफएस१आर२ (ए१०-४६००एम, पुढे ए१०-५७५०एम). या दोघांतही चिपांची देवाणघेवाण होत नाही.

बायोसचा शब्द शेवटचा

सॉकेट जुळतं म्हणजे चिप आत जाईल, एवढंच. ती चालेल की नाही हे बायोस ठरवतं. प्रत्येक प्रोसेसरसाठी बायोसमध्ये मायक्रोकोड नावाचा छोटा तुकडा असावा लागतो. डेस्कटॉप मदरबोर्डाच्या कंपन्या जुन्या बोर्डांसाठी नव्या चिपांचा आधार पुढे देत राहतात. लॅपटॉपवाल्यांनी मात्र ज्या चिपा घालून ते मॉडेल विकलं, बहुधा तेवढ्याच बायोसमध्ये घातलेल्या असतात.

त्यामुळे सगळ्यात भरवशाची यादी सर्व्हिस मॅन्युअलमध्येच सापडते. भागांच्या प्रकरणात प्रोसेसरच्या मथळ्याखाली त्या मॉडेलसोबत विकल्या गेलेल्या सगळ्या चिपा भाग-क्रमांकांसह दिलेल्या असतात. या यादीतली चिप घेतली तर बायोस, विजेचा पुरवठा आणि हीटसिंक, तिन्हींचा विचार कंपनीने आधीच करून ठेवलेला असतो. यादीबाहेरची चिप चालते कधीकधी. पण ती जुगारात गेलेली रक्कम समजूनच घ्यावी.

तीन सापळे मात्र नीट लक्षात ठेवा.

पहिला, एचएम७० हा चिपसेट. स्वस्त लॅपटॉपांत सेलेरॉन किंवा पेंटियमसोबत तो दिला जाई. त्याच्यावर कोअर आय३, आय५ किंवा आय७ बसवला तर लॅपटॉप व्यवस्थित सुरू होतो, विंडोज चालते, आपण खूश होतो आणि अर्ध्या तासाने तो बंद पडतो. पुन्हा सुरू करा, पुन्हा अर्धा तास. चिप खराब नसते. इंटेलनेच त्या चिपसेटवर ही मर्यादा घातली आहे. चिपसेट एचएम७० निघाला तर कोअर मालिकेचा नाद सोडा.

दुसरा, सहाव्या मालिकेचे चिपसेट (एचएम६५, एचएम६७, क्यूएम६७). सॉकेट जी२ असल्यामुळे तिसऱ्या पिढीची चिप आत बसते, पण बहुतेक लॅपटॉपांसाठी तिला ओळखणारं बायोस कंपनीने कधी काढलंच नाही. पंखा फिरतो, पडदा काळा. अशा बोर्डावर दुसऱ्या पिढीतलीच वरची चिप शोधणं शहाणपणाचं.

तिसरा सापळा पहिल्या पिढीचा. आय५-४३०एम, आय७-६२०एम या दुहेरी कोअरच्या चिपांमध्ये ग्राफिक्स आहे. आय७-७२०क्यूएमसारख्या चार कोअरच्या चिपांमध्ये ते नाही. लॅपटॉपला वेगळी ग्राफिक्स चिप नसेल तर चार कोअर बसवल्यावर पडद्याला चित्र द्यायला कोणी उरतच नाही.

उष्णता आणि वीज

टीडीपी म्हणजे चिपने सतत काम केल्यावर हीटसिंकला किती वॅट उष्णता वाहून न्यावी लागेल याचा अंदाज. दुहेरी कोअरच्या बहुतेक सॉकेट चिपा ३५ वॅटच्या, चौथ्या पिढीत ३७ च्या. चार कोअरच्या बहुतेक ४५ वॅटच्या, चौथ्या पिढीत ४७. एक्सएम आणि एमएक्स शेपटीच्या चिपा ५५ आणि ५७ वॅटच्या. त्या जाडजूड वर्कस्टेशनसाठी बनवलेल्या आहेत आणि साध्या लॅपटॉपात त्यांचा वेग कधी दिसतच नाही.

दहा वॅटचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण एकाच तांब्याच्या नळीचा हीटसिंक आणि छोटा पंखा ३५ वॅटसाठीच बेतलेला असतो. त्यावर ४५ वॅटची चिप ठेवली की ती मिनिटभर सुसाट पळते, मग तापते, वेग खाली आणते आणि शेवटी ३५ वॅटच्या चिपेइतकंच काम करते. सोबत पंखा किंचाळतो तो वेगळाच. काही मॉडेलांत वेगळ्या ग्राफिक्सच्या आवृत्तीचा दोन नळ्यांचा हीटसिंक साध्या आवृत्तीत बसतो, काहींत स्क्रूची भोकंच वेगळी असतात. मॅन्युअलमधली दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा.

अडॅप्टरकडेही लक्ष द्या. ६५ वॅटच्या अडॅप्टरवर ४५ वॅटची चिप, पडदा, डिस्क आणि बॅटरी चार्जिंग असा सगळा संसार चालवायला गेलं की काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडतात. त्याच मॉडेलसाठी ९० वॅटचा अडॅप्टर असेल तर तो वापरा.

मधला एक फार चांगला मार्ग आहे: चार कोअर असूनही कमी वॅटच्या चिपा. तिसऱ्या पिढीत आय७-३६१२क्यूएम आणि आय७-३६३२क्यूएम, दोन्ही ३५ वॅट. चौथ्या पिढीत आय७-४७०२एमक्यू आणि आय७-४७१२एमक्यू, दोन्ही ३७ वॅट. मागणी जास्त असल्याने जुन्या बाजारात त्या त्यांच्या ४५-४७ वॅटच्या भावंडांपेक्षा महागही मिळू शकतात. तरी पातळ लॅपटॉपासाठी तो जादा पैसा वसूल होतो.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा आय५-३२१०एम, चिपसेट एचएम७६, सॉकेट जी२, एका नळीचा हीटसिंक. मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, टर्बो (थोड्या वेळापुरता वाढीव वेग) ३.१, दोन कोअर, ३ एमबी कॅश (चिपमधली छोटी, वेगवान स्मृती).

आय५-३३४०एम घेतला तर टर्बो ३.४ होतो. दहा टक्क्यांच्या आतबाहेरची वाढ. त्यासाठी लॅपटॉप उघडू नये. आय७-३५२०एम (२.९ ते ३.६) आणि आय७-३५४०एम (३.० ते ३.७) हेही दोन कोअरचेच आहेत. नावात आय७ बघून चार कोअर समजणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. पण ज्या कामात एकाच कोअरवर भार येतो, जसं की मोठी स्प्रेडशीट किंवा जुनं लेखाजोख्याचं सॉफ्टवेअर, तिथे आय७-३५४०एमच पुढे राहील.

आय७-३६३२क्यूएमचा टर्बो ३.२. एका कोअरचा वेग जवळपास होता तेवढाच. फायदा आहे तो चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि ६ एमबी कॅशचा. व्हिडिओ रूपांतर, कोड बांधणी, ब्राउझरमध्ये डझनावारी टॅब उघडे ठेवणं, अशा कामांत तो जवळजवळ दुप्पट काम उरकू शकतो. आय७-३७४०क्यूएम (२.७ ते ३.७, ४५ वॅट) दोन्ही बाजूंनी पुढे आहे, पण एका नळीच्या हीटसिंकवर ती झेप टिकणार नाही. मॅन्युअलच्या यादीत असेल तर इथे ३६३२क्यूएम निवडावा, नसेल तर आय७-३५४०एम.

आणखी एक बारीक गोष्ट: दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपांतल्या आय३ चिपांमध्ये एईएस (माहिती झटपट कूटबद्ध करणाऱ्या) सूचना नाहीत, आय५ आणि आय७ मध्ये आहेत. पूर्ण डिस्क कूटबद्ध करून वापरणाऱ्याला आय३ वरून आय५ वर जाण्याने अपेक्षेहून जास्त फरक जाणवतो.

चिप विकत घेताना

या चिपांचं उत्पादन कधीच थांबलं आहे. मिळतात त्या वापरलेल्या. चिपच्या वरच्या बाजूला एस अक्षराने सुरू होणारा पाच अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो, त्याला एस-स्पेक म्हणतात. विक्रेत्याकडून त्याचा स्पष्ट फोटो मागवा आणि कोडवरून चिपचं रूप, वेग आणि सॉकेट ताडून बघा. क्यू अक्षराने सुरू होणारा कोड किंवा ‘कॉन्फिडेन्शियल’ असा शब्द दिसला तर तो चाचणीसाठीचा नमुना आहे. तो स्वस्त मिळतो आणि अनेक बायोसांना चालत नाही.

दुसरा फोटो पिनांच्या बाजूचा हवा, तिरप्या उजेडात. वाकलेली एखादी पिन सरळ करता येते, तुटलेली परत लावता येत नाही. स्टॅटिकविरोधी पुडीत आणि कडक प्लॅस्टिकच्या खोक्यात पाठवायला सांगा.

बदलताना

सगळ्यात आधी, जुनी चिप बसलेली असतानाच, बायोस अद्ययावत करा. नवी चिप घातल्यावर पडदाच आला नाही तर बायोस बदलायचा रस्ताही बंद होतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं साधन) चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी रिकव्हरी किल्ली मागितली जाईल.

हाताशी हवं: योग्य मापाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकची पट्टी, ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड आणि थर्मल पेस्ट. गालिच्यावर बसून काम करू नका.

१. अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा.

२. मॅन्युअलप्रमाणे झाकण उघडा. काही मॉडेलांत तळाचं छोटं झाकण काढलं की पुरतं, काहींत कीबोर्डासह सगळा सांगाडा सुटा करावा लागतो. हे आधीच वाचा. स्क्रू कुठले कुठले, याचा फोटो काढत जा. लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर तो बोर्डात घुसतो.

३. पंख्याची वायर काढा. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी आकडे असतात. सोडवताना उलट क्रमाने, एकेक करत थोडं थोडं. चिकटलेला हीटसिंक ओढू नका. डावी-उजवीकडे हलका पिळा, सुटेल.

४. सॉकेटच्या कडेला एक चपट्या खाचेचा स्क्रू असतो. शेजारी उघड्या आणि बंद कुलपाची खूण असते. उघड्याकडे अर्धा फेरा फिरवा. हा स्क्रू बाहेर येत नाही, फक्त फिरतो. मग चिप सरळ वर उचला.

५. नव्या चिपच्या कोपऱ्यातली त्रिकोणी खूण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि चिप ठेवा. ती स्वतःच्या वजनाने बसायला हवी. दाब द्यावा लागला तर काहीतरी चुकतंय: पिन वाकलेली आहे किंवा कुलूप पूर्ण उघडलेलं नाही. बसली की स्क्रू बंद कुलपाकडे फिरवा.

६. हीटसिंकवरची जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, वर चमकणारा छोटा चौकोन ही खुद्द सिलिकॉन आहे. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवून पातळ पसरा. कोपरे कोरडे राहू देऊ नका. हीटसिंकखाली शेजारच्या चिपांसाठी मऊ थर्मल पॅड असतील तर ते जागेवर ठेवा. फाटलेला पॅड त्याच जाडीच्या पॅडनेच बदला. तिथे पेस्ट भरली तर फट बुजत नाही आणि पॅड जाड घेतला तर हीटसिंक प्रोसेसरपासून उचलला जातो.

७. हीटसिंक सरळ खाली ठेवा आणि आकड्यांच्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू आधी दोन-दोन फेरे, मग पूर्ण. एकच कोपरा आधी घट्ट केला तर उघड्या सिलिकॉनची कड उडते, आणि तिथेच चिप संपते.

८. पंख्याची वायर परत लावा. ही विसरणारे कमी नाहीत.

झाकण पूर्ण बंद करण्याआधी एकदा सुरू करून बघा. पहिल्या वेळी पडदा यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, एखाद वेळा आपोआप पुन्हा सुरूही होतो. एक-दोन मिनिटं थांबा.

सुरू झाला, आता तपासा

बायोसमध्ये चिपचं नाव बरोबर दिसतं का ते बघा. मग विंडोजमध्ये सीपीयू-झेडमध्ये कोअर आणि थ्रेड मोजा. पुढे सगळ्या कोअरवर भार टाकणारी चाचणी वीस मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये वेग बघत राहा. ३६३२क्यूएम असेल तर वेग २.२ गिगाहर्ट्झच्या खाली जाता कामा नये. तापमान ८५-९० अंशांवर स्थिर राहिलं तर या वयाच्या लॅपटॉपासाठी ते ठीक आहे. पहिल्या काही सेकंदांतच ते शंभराकडे झेपावलं तर हीटसिंक नीट टेकलेला नाही. उघडा आणि पेस्टचा ठसा बघा. मधोमध दाट आणि एका कडेला कोरडा ठसा म्हणजे स्क्रू असमान आवळले गेले.

वेग १.२ गिगाहर्ट्झवर अडकून राहिला आणि तापमान मात्र थंड, तर संशय अडॅप्टरवर घ्या: कमी वॅटचा किंवा लॅपटॉपला न ओळखू आलेला. अजिबात जीव नाही, पंखाही नाही, तर आधी सॉकेटचं कुलूप आणि पिना तपासा. पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर एकच रॅम ठेवून पुन्हा प्रयत्न करा. तरीही तसंच राहिलं तर बायोस चिप ओळखत नाही. जुनी चिप परत बसवून हे पक्कं करता येतं, म्हणून नवी चिप महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी विकू नका.

विंडोज ११ साठी हा खटाटोप करत असाल तर थांबा. तिच्या अधिकृत इंटेल यादीची सुरुवात साधारण आठव्या पिढीपासून होते आणि सॉकेटच्या कुठल्याही चिपने तुम्ही तिथे पोचत नाही. कोअर २ ड्युओवर तर तिची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला एसएसई४.२ सूचना लागतात आणि त्या चिपांमध्ये एसएसई४.१ पर्यंतच मजल गेली आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशा लॅपटॉपावर नव्या चिपसोबत लिनक्सचा विचार करणं जास्त व्यवहार्य ठरतं. तिसऱ्या पिढीचा चार कोअर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यावर ते अजून आरामात चालतं.